चौथ्या घरातले चौदा महिने

अर्विंग, टेक्सस
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय वहिनी,

बसली आहेस ना? गुडघ्याखाली उशी घेतलीस? मग वाच. तू पुस्तकात आली आहेस.

गंमत नाही करत. रुचाच्या बुक क्लबने या महिन्यात एक आत्मचरित्र वाचायला घेतलंय. लेखिका ओजिब्वे, म्हणजे वर मिनेसोटाकडच्या नेटिव्ह लोकांपैकी. तिचं सगळं लहानपण फॉस्टर केअरमध्ये गेलं, सरकार पाठवील तसं या परक्या घरातून त्या परक्या घरात, अशी सात घरं. प्रत्येक घरात पहिल्या दिवशी नवा टूथब्रश मिळायचा, म्हणून पुस्तकाचं नाव 'सात टूथब्रश'. परवा जेवताना रुचा म्हणाली, "आई, लिसन, हिचं चौथं घर मराठी होतं! ओहायोमध्ये! शी ॲक्च्युअली नोज वरण!" माझा घास हातातच राहिला. लेखिकेचं नाव विचारलं. शॉना बेलांजर.

वहिनी, आपली सोना!

रुचा तेव्हा वर्षाचीसुद्धा नव्हती, तिला कुठून आठवणार? मी पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं आणि चौथं प्रकरण दोनदा वाचलं. तुझं नाव तिने 'मिसेस पी' केलंय. लिहिते, "मिसेस पी कधी जवळ घेत नसे. ती वाढत असे." इतक्या थोडक्यात तुझं वर्णन आमच्या आईलाही जमलं नव्हतं, आणि तिने बावीस वर्षं प्रयत्न केला होता. दादा म्हणजे 'मिस्टर पी', पत्त्यांत लबाडी करणारा. तो वाचायला हवा होता. जाण्याआधी आणखी चार वर्षं थांबला असता तर काय बिघडलं असतं?

सोबत पुस्तक पाठवते आहे. वाच आणि सविस्तर लिही. फोन करू नकोस. माझं कानाचं नवं यंत्र फोनवर शिट्टी मारतं आणि तू फोनवर "बरं, बरं" म्हणून सटकतेस. कागदावर तुला सटकता येत नाही.

तुझी,
सुनेत्रा


डब्लिन, ओहायो
२९ ऑगस्ट २०२४

प्रिय वन्सं,

(हो, वन्सं. पत्राचा सूर अगदी लग्नात मानपानाच्या चुका काढणाऱ्या नणंदेचा होता.)

पुस्तक मिळालं. वाचलं. मुलगी छान लिहिते, पण स्मरणशक्ती तुझ्यासारखी आहे, म्हणजे ठाम आणि चुकीची.

पहिली गोष्ट, टूथब्रश पिवळा नव्हता, हिरवा होता. मी स्वतः आणला होता, मला विचार. दुसरं, वरणाला ती सबंध प्रकरणभर 'पिवळं सूप' म्हणते. साजूक तूप घातलेल्या वरणाला सूप! तिसरं, "दर रविवारी माझ्या डोक्यावर तेल ओतलं जाई." ओतलं जाई? चमचाभर खोबरेल कोमट करून लावायचे मी, आणि ती माझ्या मांडीला टेकून झोपी जायची. ते मात्र लिहिलं नाही.

आणि हा बघ प्रकरणाचा पहिला परिच्छेद. तिची आई हॉस्पिटलात, घरी दुसरं कुणी नाही, म्हणून आठ वर्षांच्या मुलीला ताब्यात घेतलं. फॉर्मवर 'इंडियन' लिहिलेलं पाहून कुणीतरी तिला आम्हा इंडियनांकडे पाठवलं. "कोलंबसने केलेली चूक कोलंबस शहरात पुन्हा झाली," असं ती लिहिते. हे वाक्य मनोहरचं आहे! पहिल्याच आठवड्यात जेवताना त्याने हा विनोद केला होता आणि स्वतःच इतका हसला होता की ठसका लागला. तिने सरळ स्वतःच्या नावावर खपवलाय. मनोहर म्हणाला असता, खपवू दे.

थँक्सगिव्हिंगची गोष्ट तिने लिहिली आहे, पण निम्मीच. शाळेत सगळ्या मुलांना कागदी पिसांचे मुकुट करून दिले होते. हे ऐकून मी शाळेत जाऊन भांडले, एवढं आलंय. मी टीचरला म्हटलं, "ही खरीखुरी इंडियन आहे. हिला विचारा तरी, हिला काय व्हायचंय." टीचरने विचारलं. सोना म्हणाली, "टर्की." आणि झाली टर्की, त्या सणाला सगळे खातात तो पक्षी! माझी तांबडी ओढणी शेपटीला लावून वर्गभर नाचली. मी एवढी तावातावाने गेले होते, माझी अवस्था काय झाली असेल?

नावाबद्दल तिने लिहिलंय, "त्यांनी मला सोना म्हणायला सुरुवात केली. मला ते आवडलं. आवडलं, याची पुढे फार लाज वाटली." यात काही चूक नाही, त्यामुळे त्यावर माझं काही म्हणणं नाही.

ऑक्टोबरमध्ये ती इथल्या लायब्ररीत वाचनाला येणार आहे. दारावर कागद लावलाय. मी काही जात नाही. पार्किंग लांब आहे आणि गुडघा कुरकुरतो.

रुचाला आशीर्वाद. तिला म्हणावं, वरण माहीत असण्याचं एवढं आश्चर्य वाटत असेल तर आधी स्वतः करायला शीक.

प्रतिमा


अर्विंग
९ सप्टेंबर २०२४

प्रिय वहिनी,

पत्र वाचून खूप हसले. टर्कीचा प्रकार दादाने मला कधीच सांगितला नव्हता.

मग पत्र पुन्हा वाचलं. इकडे येण्याआधी मी वर्षानुवर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पेपर तपासले. ज्या मुलाला प्रश्न येत नाही तो बाकीचे प्रश्न फार सुंदर सोडवतो, हे मला ठाऊक आहे. तू टूथब्रशच्या रंगावर लिहिलंस, तेलाच्या मापावर लिहिलंस. पान एकशे बारावर एक ओळ नाही.

तू ते पान वाचलंच नसेल असं धरून मी मराठीत उतरवते:

"ऑक्टोबरमध्ये माझ्या लोकांना माझा पत्ता लागला. आई तोवर गेली होती, पण आजी होती, ॲग्नेस. तिने मला मागितलं. कायदा तिच्या बाजूने होता. पण कुणीतरी कोर्टात हरकत घेतली. सात महिने गेले. पाचव्या महिन्यात आजी वारली. कुणीतरी न्यायाधीशांना कळवलं होतं, म्हाताऱ्या बाईच्या घरी साधा फोनसुद्धा नाही. म्हणून तिने डिसेंबरात फोन बसवून घेतला. तो फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा राँग नंबर."

आपल्या घरात आम्ही सगळे इतकी वर्षं काय धरून चाललो होतो? सरकारी काम, सहा महिने थांब. दादानेही मला हेच सांगितलं. वहिनी, हे 'कुणीतरी' कोण?

तू जे बोलत नाहीस ते मला नेहमीच स्वच्छ ऐकू येतं. त्याला यंत्र लागत नाही.

सुनेत्रा


डब्लिन
३० सप्टेंबर २०२४

प्रिय सुनेत्रा,

तुझं पत्र येऊन जवळजवळ तीन आठवडे झाले. तेवढ्या वेळात मी गराज आवरलं, फ्लूची लस घेतली, स्वच्छ असलेले पडदे पुन्हा धुतले. आता धुण्यासारखं काही उरलं नाही म्हणून लिहायला बसले आहे.

कुणीतरी म्हणजे मी.

मनोहर नव्हे. हे आधी सांगते, कारण तू त्याची बहीण आहेस आणि गेले तीन आठवडे तू त्याच्यावर संशय घेत असशील. कागदावर त्याचीही सही आहे, पण ती माझ्या हट्टाची सही आहे.

तुला आठवतं ना, आम्हाला मूल नाही म्हणून कोण कोण काय काय म्हणायचं? तुमच्या आई तर पत्राच्या पाकिटात अंगारा पाठवायच्या. मी सगळं हसण्यावारी नेलं. मग ही मुलगी आली. तीन आठवडे बुटांसकट झोपत होती. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "निघायचं झालं तर शोधावे लागत नाहीत." चौथ्या आठवड्यात एका सकाळी बूट दाराशी दिसले. मी ते बूट बघत किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

जुलैमध्ये तिची आई गेली. तेव्हा सोशल वर्कर म्हणाली, कदाचित तुम्हाला दत्तक घेता येईल. तेवढं ऐकून मी मनातल्या मनात तिचं कॉलेजपर्यंत सगळं करून टाकलं. मनोहरला ती आपणहून 'बाबा' म्हणू लागली होती. मला 'काकू'. महाराष्ट्र मंडळातली सगळी मुलं काकू म्हणतात, तशीच. मी दुसऱ्या शब्दाची वाट बघत होते. आता या वयात प्रामाणिकपणे बघते तर वाटतं, मी कोर्टात त्या एका शब्दासाठी गेले.

ऑक्टोबरात पत्र आलं की मिनेसोटात आजी आहे, तिला मुलगी हवी आहे. आदिवासी मुलं आधी त्यांच्या नातलगांकडे द्यावीत, असा कायदा इथे अठ्ठ्याहत्तरपासून आहे. का आहे, तेही सोशल वर्करने सांगितलं. आधीच्या पिढ्यांतली किती मुलं अशीच 'चांगल्या घरी' म्हणून नेली आणि परत गेलीच नाहीत. मी ऐकलं. मला वाटलं, ते दुसऱ्यांबद्दल आहे. आमचं घर खरंच चांगलं होतं.

मनोहर म्हणाला, "झालं तर मग. तिची आजी आहे."

मी म्हटलं, "आजीला बघितलंय का कुणी? तिथे उणे तीस असतं. तिसरी तरी पुरी होऊ दे."

तो म्हणाला, "प्रतिमा, आपण हिला सांभाळतोय, की ठेवून घेतोय?"

मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी त्याने सही केली. वकिलाने सांगितलं, निकालापर्यंत तिकडच्यांशी संपर्क नको. मला ते सोयीचं होतं.

मार्चमध्ये आजी गेल्याचं कळलं. मग कोर्टाने सोनाला तिच्या मावशीकडे द्यायचं ठरवलं. मे महिन्यात मनोहर परवानगी काढून स्वतः तिला गाडीने सोडून आला, दोन दिवसांचा रस्ता. मी गेले नाही. मला ताप होता असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं. ताप नव्हता. पुढे वर्षभराने मावशीचं काही जमेना आणि पाचवा, सहावा, सातवा ब्रश आला, हे मला या पुस्तकातूनच कळलं.

मनोहर तुझ्याशी खोटं बोलला ते माझ्यासाठी. त्याच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागाव. पण तो टूथब्रश हिरवाच होता.

प्रतिमा


अर्विंग
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय वहिनी,

रागावणार होते. पत्र उघडलं तेव्हा राग तयार ठेवला होता, अगदी इस्त्री करून. पण आता तो मला घालता येत नाही.

मी तुला पान एकशे बारा उतरवून पाठवलं आणि 'कुणीतरी' कोण, असा सवाल केला. त्या पानावर कुणीतरी दोनदा येतं. एकदा हरकत घेणारं. आणि एकदा न्यायाधीशांना फोनबद्दल कळवणारं. दुसरं कुणीतरी कोण, हे मला पहिल्या वाचनालाच समजलं होतं. म्हणून तर तुझ्यावर एवढी धावून आले.

तुला आठवतंय की विसरलीस? नोव्हेंबर पंचाण्णव. आम्ही टेक्ससला येऊन तीन वर्षं झाली होती. तुझा फोन आला, "सुनेत्रा, जज्जला पत्र द्यायचंय, मुलगी आमच्याकडे किती आनंदात आहे ते. तुझं इंग्रजी छान आहे." हरकत तुम्हीच घेतली आहे हे तू बोलली नाहीस, मला वाटलं, कोर्टानेच पत्रं मागवली असतील. मी खुलले. मी इथे येऊन किराणा दुकानात उभी राहत होते, माझं इंग्रजी कुणालाच नको होतं. मी दोन पानं लिहिली. दिवाळीत तुमच्याकडे आले होते त्यावरून लिहिलं, सोना बाबा म्हणते, रांगोळी काढते. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझ्यातली मास्तरीण! निबंधात दुसरी बाजूही हवी. तू फोनवर सहज म्हणाली होतीस, त्यांच्याकडे फोन नाही म्हणे. मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं, नाव माहीत नव्हतं. मी लिहिलं, "ज्या घरी साधा फोनसुद्धा नाही, त्या घरी एका बालकाची सुरक्षितता कशी राखली जाईल?" त्या वाक्यावर मी खूश होते. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, झकास.

माझ्या आजोळी मी बारा वर्षांची होईपर्यंत फोन नव्हता, वहिनी. आणि मी तिथे सगळ्यात सुरक्षित होते.

तर आता तुझ्यासाठी गृहपाठ. ती तुमच्या लायब्ररीत यायच्या आधी तिला लिही. तिच्या वेबसाइटवर पत्ता आहे. त्या दिवशी एकदम समोर जाऊन उभी राहू नकोस, तिला चार लोकांत तोंड लपवायला जागा राहणार नाही. सगळं लिही आणि माझंही नाव घाल. तुझ्या पदराआड मी लपणार नाही, आणि तुला पदर आहेच कुठे, जन्मभर पँट घातलीस.

तिने उत्तर दिलं नाही तर तो तिचा हक्क. दिलं तर मग पार्किंग कितीही लांब असो.

सुनेत्रा


डब्लिन
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुनेत्रा,

लिहिलं. तीन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, "प्रिय काकू, वाचनाला या. नंतर मागच्या खोलीत बसू. शॉना."

काकू, असंच लिहिलं होतं.

अनन्याने गाडी अगदी दारापर्यंत नेली, तेव्हा गुडघ्याचं निमित्त संपलं. (अनन्या म्हणजे शेजारची, माझे फोनचे पासवर्ड जिला पाठ आहेत ती.) मी मागच्या रांगेत बसले. सदतीस वर्षांची बाई, केस अर्धे पिकलेले, चष्मा. आवाज मात्र घोगरा, तोच. तिने चौथं प्रकरण वाचलं नाही. सहावं वाचलं. मी आल्यामुळे असेल, किंवा नेहमीच सहावं वाचत असेल.

मागच्या खोलीत दोन खुर्च्या आणि पुस्तकांची खोकी होती. मी पाठ करून नेलेलं सगळं विसरले. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. तेविसाव्या वर्षी मी माझी फाइल मागवली. तुमच्या दोघांच्या सह्या आहेत त्यात. तुमच्या नणंदेचं पत्रही आहे. फार चांगलं इंग्रजी."

सुनेत्रा, हे तुला कळवावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. ती हे कुत्सितपणे म्हणाली नाही. पण कौतुकानेही नाही.

मी विचारलं, "मग पुस्तकात 'कुणीतरी' का लिहिलंस? आमची नावं घालायचीस."

ती म्हणाली, "नावं घातली असती तर वाचणाऱ्याने सगळं तुमच्यावर ढकललं असतं आणि बाकीची सहा घरं, ऑफिसं, कोर्टं सुटली असती. शिवाय मला ते लिहिता येईना. सात घरांत माझ्यासाठी भांडलेलं घर एकच. आणि ते नेमकं नको तिथे भांडलं. दोन्ही एका वाक्यात बसवायला मी दोन वर्षं घालवली. नाही बसलं."

मग तिने मला एक प्रश्न विचारला. "मी गेले त्या दिवशी तुम्ही कुठे होता? मी गाडीत बसून मागे बघत होते. तुम्ही दारात नव्हता."

मी म्हटलं, "बाथरूममध्ये. नळ सोडून."

तिने शेजारच्या खोक्याचं झाकण बंद केलं. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही स्वयंपाक करताय."

आणि आम्ही दोघी हसलो गं. मला काही अर्थ लागत नाही, पण हसलो.

मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "मला नका सांगू. मला तर राहायचंच होतं. मी आठ वर्षांची होते आणि तुमच्याकडे रोज गरम जेवण होतं. वाट बघत होती ती माझी आजी. तिला सांगा." मला वाटलं, हे आपलं बोलायची पद्धत म्हणून. पण तिने पत्ता लिहून दिला. दरवर्षी मेच्या शेवटी, मेमोरियल डेला, त्यांची सगळी माणसं जमतात, थडगी साफ करतात, तिथेच जेवतात. म्हणाली, "या. यायचंच असेल तर. कुणी तुमची वाट बघणार नाही, आणि कुणी हाकलणारही नाही."

तुझंही आमंत्रण आहे. "चांगल्या इंग्रजीवालीलाही आणा," असं म्हणाली.

आता सांग, मी काय करू? हो म्हणून आले आहे, पण तरीही सांग.

प्रतिमा


अर्विंग
६ मे २०२५

प्रिय वहिनी,

हसू नकोस. विमानाचं तिकीट काढलं, गरम मोजे घेतले, आणि गेल्या मंगळवारी अंगणात पाण्याच्या पाइपात पाय अडकून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ठीक आहे. रुचा घरूनच काम करते आहे आणि मला वरण करून घालते आहे. सूपच म्हणावं लागेल त्याला.

आमचा जावई परीक्षित म्हणतो, "मम्मी, यू कॅन झूम." थडग्याशी झूम!

मी येऊ शकत नाही, पण तू जा. एकटी जा. मी नसले की तू थोडं जास्त बोलतेस, हे माझ्या लक्षात आलंय. सोबत एक वेगळं पाकीट आहे. ते त्यांना वाचून दाखव. मराठीत लिहिलंय. आधी इंग्रजीत लिहायला घेतलं, तर पुन्हा झकास वाक्यं यायला लागली, म्हणून फाडलं.

तू मला विचारशीलच, म्हणून इथेही उतरवते:

"ॲग्नेसआजी, नमस्कार. मी प्रतिमाची नणंद. तुम्ही मला ओळखत नाही, आणि मीही तुम्हाला ओळखत नव्हते, तरी तुमच्याबद्दल एका न्यायाधीशांना पत्र लिहिलं. ते पत्र चुकीचं होतं. तुमच्या घरात काय नाही ते मी लिहिलं. काय आहे ते विचारलं नाही. तुम्ही माझं म्हणणं मनावर घेऊन फोन बसवून घेतलात, आणि आम्ही तुम्हाला एकदाही तिचा आवाज ऐकवला नाही. आता मलाही नात होईल अशी चिन्हं आहेत, तेव्हा कुणी माझ्याशी असं वागलं तर मला काय वाटेल हे समजतं. तुमची नात फार छान लिहिते. माझ्यापेक्षा छान, कारण ती कुणाला जिंकायला लिहीत नाही. सुनेत्रा."

नातीची बातमी अशी फुटायला नको होती. रुचाला सप्टेंबरचा महिना दिलाय. माझ्यावर चिडू नकोस, तुलाच पहिली कळवते आहे. आजींना सोडून.

सुनेत्रा


डब्लिन
१ जून २०२५

प्रिय होणाऱ्या आजीबाई,

खुबा कसा आहे? रुचाला माझा पापा. आणि मी चिडले आहे, पण ते पुढच्या पत्रात.

गेले आणि आले. मिनीॲपोलिसला विमान, तिथून शॉनाची चुलतबहीण न्यायला आली, साडेतीन तास. सगळा रस्ता तळी आणि पाइन. मी सतरा वेळा मनात परत फिरले. बॅगेत बेसनाचे लाडू होते. थडग्याला भेटायला जाताना काय न्यायचं असतं, मला काही सुचेना.

वीस-पंचवीस माणसं होती. कुणी गवत काढत होतं, कुणी पाणी आणत होतं, पोरं धावत होती. शॉना आली, माझ्या हातात एक खराटा दिला आणि गेली. बरं झालं. मी अर्धा तास पानं काढली. कोणीही मला काही विचारलं नाही. एका पोराने लाडू कशाचा म्हणून विचारलं, तेवढंच.

मग ती मला ॲग्नेसच्या जागेशी घेऊन गेली. साधा दगड, नाव आणि दोन सालं. मी इंग्रजीत सुरुवात केली, "मिसेस बेलांजर, आय ॲम..." आणि पुढे येईना. शॉना म्हणाली, "मराठीत बोला. तिला इंग्रजीचं तसंही प्रेम नव्हतं. शाळेत मारून शिकवलं होतं."

मग मी मराठीत बोलले. काय बोलले ते तुला लिहीत नाही, ते तिला सांगून झालंय. पण कोर्टात जे बोलले होते ते एकेक करून परत घेतलं. थंडीचं, लहान घराचं, वयाचं. मी आता त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे, सुनेत्रा, आणि मला कुणी म्हातारी म्हणालं तर मी भांडते. मग तुझं पत्र वाचलं. शॉनाचं मराठी किती उरलंय कुणास ठाऊक, पण 'आवाज' या शब्दाला तिने मान वर केली. नंतर तिने इंग्रजीत अर्थ विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, "हे पहिल्यापेक्षा चांगलं लिहिलंय. तिला सांगा." सांगितलं.

मी विचारलं, "तुझ्या आजीने ऐकलं असेल?"

ती म्हणाली, "मला काय माहीत? मी लेखिका आहे." मग दगडावरचं एक पान काढत म्हणाली, "तुम्ही आलात हे मात्र सगळ्यांनी बघितलं."

सगळं क्षमा होऊन गळ्यात पडणं वगैरे झालं नाही. तू विचारशील म्हणून लिहिते. तिने मला मिठी मारली नाही, मीही मारली नाही. मी तशी नाहीच, पुस्तकात आलंय.

जेवायला लाकडी बाकं मांडली होती. एका टोकाला तिची मावशी बसली होती, आर्लीन, ऐंशीच्या घरातली, तीच जिच्याकडे मनोहरने तिला नेऊन सोडलं. तिने मला खालीवर न्याहाळलं आणि शॉनाला मोठ्यांदा विचारलं, "ही कोण?"

बाकावरची सगळी माणसं थांबली. मी बघत होते, ही आता काय म्हणते. मैत्रीण म्हणाली असती तर खोटं. फॉस्टर मदर म्हणाली असती तर मला सोसलं नसतं, आणि तिलाही.

शॉना म्हणाली, "ही प्रतिमा. हिने मला चौदा महिने सांभाळलं. त्यातले सात हिचे नव्हते."

सुनेत्रा, माझ्याबद्दल इतकं नेमकं आजवर कुणी बोललं नव्हतं. मी मान डोलावली. म्हटलं, "बरोबर आहे."

आर्लीनने आणखी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग ती बाकावर हातभर सरकली, मोकळ्या जागेवर थाप मारली आणि म्हणाली, "बस. सूप निवतंय."

तुझी,
प्रतिमा